मुक्त मजकूर-संपादक : मिळवावा, वाटावा, सांभाळावा

‘संपादक’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे टिळक उभे राहतात, आचार्य अत्रे उभे राहतात. अगदीच नाही तर आपली कविता ‘साभार परत’ करणारा एखादा करडा गृहस्थ तरी उभा राहतो. प्रस्तुत लेखातला संपादक माणूस नव्हे. ती संगणकाची एक आज्ञावली आहे. कळफलकावर आपण जी अक्षरे टिपतो ती पडद्यावर दाखवणे, पुसणे, शोधणे, बदलणे आणि फाइलीत ठेवून देणे एवढेच तिचे काम. इंग्रजीत तिला टेक्स्ट एडिटर म्हणतात. आपण तिला मजकूर-संपादक म्हणू.

कलाशाखेच्या वार्षिकात आज्ञावलीवरचा लेख कशाला, अशी शंका विज्ञान शाखेतल्या मित्रांपेक्षा आपल्यालाच अधिक येईल. तिला कायद्यातच एक उत्तर सापडते. कॉपीराइटच्या १९५७ च्या कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाची आज्ञावली ‘साहित्यकृती’ या व्याख्येत जाऊन बसली. कायद्याच्या दृष्टीने कादंबरी आणि आज्ञावली एकाच पंक्तीला जेवतात. मग या साहित्यकृतीची प्रत कुणी काढावी, कुणाला द्यावी, तिच्यात फेरफार कुणी करावेत, हे प्रश्न संगणकशास्त्राचे जितके आहेत तितकेच आपलेही आहेत.

प्रथम या संपादकाचे काम नीट समजून घेऊ. मजकूर-संपादक फक्त अक्षरे साठवतो. ठळक अक्षर, तिरपे अक्षर, समास, चित्र, रंग यांच्याशी त्याला कर्तव्य नसते. ‘क्षि’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. पण संगणक तिथे क, हलन्ताची खूण, ष आणि ऱ्हस्व वेलांटी अशी चार चिन्हे ओळीने ठेवतो. यूटीएफ-८ या आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे ‘क्षि’चे बारा झाले. मजकूर कोणत्या वळणात दिसावा हे टंकमाला, म्हणजे फॉन्ट, ठरवते. फाइलीत तिचे नावसुद्धा नसते. या विरक्तीमुळेच साध्या मजकुराची फाइल दीर्घायुषी असते. ती कोणत्याही संगणकावर, कोणत्याही संपादकात उघडते, कारण ती उघडायला विशेष काही लागतच नाही.

या साधेपणाचे मोल कळण्यासाठी आपल्या वार्षिकांचाच इतिहास पाहावा. गिरगावातल्या आणि दादरच्या छापखान्यांत जुळारी केससमोर उभे राहून एकेक खिळा जुळवीत, तोवर लेखाची मूळ प्रत म्हणजे हस्तलिखित. पुढे खिळे गेले आणि गल्लीतल्या दुकानांत डी.टी.पी.चे संगणक आले. त्या काळच्या बहुतेक मराठी टंकमालांनी एक युक्ती केली होती. संगणकाला इंग्रजी अक्षरेच ठाऊक. तेव्हा इंग्रजी ‘डी’च्या जागी ‘क’ची आकृती बसवायची, अमक्या चिन्हाच्या जागी अर्धा त, तमक्याच्या जागी काना. पडद्यावर आणि कागदावर सुरेख मराठी उमटत असे, परंतु संगणकाच्या लेखी तिथे मराठीचा एक शब्दही नसे. आकृत्या कोणत्या जागी बसवायच्या याचे प्रत्येक कंपनीचे कोष्टक पुन्हा वेगळे. ती टंकमाला संगणकावर असेतो सर्व ठीक. ती नसली की ज्ञानेश्वरांवरचा लेख इंग्रजी अक्षरांच्या आणि विरामचिन्हांच्या कचऱ्यासारखा दिसू लागतो. दुकान बंद झाले, संगणक भंगारात गेला, टंकमालेचा परवाना संपला, की त्या फाइली जवळ असूनही हाती काही उरत नाही. छापील अंक आहेत म्हणून आपण वाचलो. आज एखाद्या विद्यार्थ्याला जुन्या अंकांतल्या एकांकिकांचा अभ्यास करायचा झाला, तर त्याला पुन्हा पहिल्या ओळीपासून टंकलेखन करावे लागते.

या अनागोंदीवरचा उपाय म्हणजे युनिकोड. भारतीय लिप्यांसाठी सरकारने इस्की नावाचे प्रमाण तयार करविले होते. त्याचाच आधार घेऊन १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ जागा राखून देण्यात आल्या. ‘क’ हा ‘क’च, त्याचा क्रमांक ठरलेला, टंकमाला कोणतीही असो. मुंबईकरांना हे समजायला जुना दाखला आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरचे खिळे असोत वा दुसऱ्या ओतशाळेचे असोत, ‘क’च्या खणातून उचललेला खिळा ‘क’च उमटवी; वळण तेवढे निराळे. डी.टी.पी.च्या काळात हे खणच प्रत्येकाने आपापल्या मर्जीने लावले होते. युनिकोडने ते पुन्हा सर्वांसाठी सारखे लावून दिले.

इथे कुणी म्हणेल : विंडोजबरोबर येणारे नोटपॅड युनिकोड मराठी लिहिते, वेगळे पैसेही घेत नाही, मग दुसरा संपादक हवा कशाला? प्रश्न रास्त आहे. घरी चार ओळींचे पत्र लिहिणाऱ्याला दोहोंत फरक दिसणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फरक आहे तो ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ या दोन शब्दांतला. इंग्रजीत दोन्ही अर्थांना ‘फ्री’ हा एकच शब्द असल्याने तिकडच्या मंडळींना हा भेद समजावून सांगताना घाम फुटतो. मराठीत ही अडचण नाही. लग्नाचे जेवण फुकट असते, पण स्वयंपाकघरात शिरून आमटीत मीठ घालायची मुभा पाहुण्याला नसते. मुक्त आज्ञावली ती, जिच्याबाबत वापरणाऱ्याला चार गोष्टींची मोकळीक आहे : ती कोणत्याही कामासाठी चालवण्याची, ती आतून कशी चालते हे पाहून हवी तशी बदलण्याची, तिच्या प्रती काढून दुसऱ्यास देण्याची, आणि आपण सुधारलेली प्रतही वाटण्याची. यांतली दुसरी आणि चौथी मोकळीक मिळण्यासाठी आज्ञावलीची मूळ संहिता, म्हणजे ती ज्या संगणकीय भाषेत माणसाने लिहिली तो मजकूर, हाती असणे भाग आहे. किमतीचा इथे उल्लेखच नाही. मुक्त आज्ञावली विकली तरी चालते.

‘संहिता’ आणि ‘पाठभेद’ या शब्दांशी आपली ओळख जुनी आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढच्यांनी तीत आपल्या ओव्या घुसडू नयेत अशी ताकीद देऊन ठेवली. त्यांची चिंता योग्यच होती, कारण लेखनिकाची ओवी कोणती आणि ज्ञानदेवांची कोणती हे प्रतीवरून कळत नसे. मुक्त आज्ञावलीच्या परवान्याने याच चिंतेवर दुसरा तोडगा काढला. बदल खुशाल करा, पण आपण बदल केला आहे आणि तो केव्हा केला हे प्रतीत नोंदवा. क्षेपक लपून राहिला नाही म्हणजे त्याची भीती राहत नाही, असा हा विचार.

असा संपादक पहिल्यांदा लोकांच्या हाती कसा पडला, ती हकीकत मनोरंजक आहे. अमेरिकेत एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत १९७६ साली ईमॅक्स नावाचा संपादक आकारास आला. रिचर्ड स्टॉलमन हा त्याचा प्रमुख कर्ता. पुढे कंपन्या मूळ संहिता कुलुपात ठेवू लागल्या, तेव्हा सगळी संगणकप्रणालीच मुक्त स्वरूपात नव्याने लिहिण्याचा संकल्प त्याने १९८३ साली जाहीर केला. त्या संकल्पाचे नाव ग्नू. १९८५ च्या सुमारास त्यातला ईमॅक्स लोकांना वापरता येण्याजोगा झाला. तो मिळवावा कसा? ज्यांच्यापाशी संगणकाचे जाळे होते ते त्यावरून उतरवून घेत. ज्यांच्यापाशी नव्हते त्यांना स्टॉलमनने सांगितले असते की जाळे असलेला मित्र गाठा. पण त्याची नोकरी सुटली होती आणि पोटाची सोय करायची होती. तेव्हा त्याने जाहीर केले की १५० डॉलर पाठवा, चुंबकीय फितीवर ईमॅक्स भरून धाडतो. त्या काळी दीडशे डॉलर ही काही किरकोळ रक्कम नव्हती. फीत मिळाल्यावर मात्र तुम्ही तिच्या शंभर प्रती काढून वाटल्या तरी त्याची हरकत नव्हती. पैसे पोचविण्याचे होते, अडवणुकीचे नव्हते.

जाळे, मित्र आणि दाम हे तिन्ही मार्ग आपल्या मुंबईनेही पाहिले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. परंतु टेलिफोनच्या तारेवरून रखडत येणाऱ्या त्या जोडणीने एखादी मोठी आज्ञावली उतरवायची म्हणजे रात्र जागवावी लागे, आणि पहाटे फोन तुटला की सारे मुसळ केरात. त्या दिवसांत पीसीक्वेस्टसारखी मासिके अंकाबरोबर लिनक्सच्या सीडी देत. त्या सीडींत ईमॅक्स असे, वी आणि विम असत. एकाने अंक घ्यावा आणि सीडी दहाजणांकडे फिरावी अशी रीत होती. याच काळात ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, चोरट्या प्रतींसाठीही गाजत होता. हजारो रुपये किमतीची आज्ञावली तिथे वडापावच्या हिशेबात मिळे. दिसायला दोन्ही सीडी सारख्याच. पण एक मित्राला देणे हा तिच्या परवान्याने दिलेला हक्क होता आणि दुसरी देणे हा गुन्हा. चोरटी प्रत आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरणाऱ्यास कायद्याच्या कलम ६३-ब अन्वये सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चोरट्या प्रतींचे समर्थन आपल्यात फार सहज केले जाते. ‘एवढे पैसे कुठून आणणार?’ हे खरे; पण चाळीत वाढलेल्या माणसाला याहून बोचणारी गोष्ट वेगळी आहे. शेजारच्या खोलीतल्या मुलाने हवी ती वस्तू मागितली आणि आपल्यापाशी ती असली, तर देणे हा शेजारधर्म. विरजणाला वाटीभर दही द्यावे तसे. कुलूपबंद आज्ञावलीचा परवाना नेमक्या याच ठिकाणी आपल्याला पेचात पकडतो : शेजाऱ्याला नाही म्हणा, नाहीतर चोर व्हा. मुक्त संपादकाची बाजू घेताना किमतीपेक्षा या पेचातून होणारी सुटका मला अधिक मोलाची वाटते.

आता व्यवहाराचे बोलू. विंडोजवर काम करणाऱ्याने नोटपॅड प्लस प्लस घ्यावा. डॉन हो यांनी २००३ साली तो प्रथम प्रसिद्ध केला. नावात साम्य असले तरी विंडोजच्या नोटपॅडशी त्याचा संबंध नाही. लिनक्सवर जीएडिट किंवा केट पुरेसे आहेत. ईमॅक्स दोन्हीकडे चालतो. त्याच्या कळांच्या जोड्या पाठ करताना नवशिक्याची बोटे वेडीवाकडी होतात, पण इनस्क्रिप्ट पद्धतीने देवनागरी टिपण्याची सोय त्याच्यातच आहे. विमची कीर्ती मोठी आहे. तथापि तो बहुधा ज्या काळ्या खिडकीत चालवला जातो तिथे प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीची चौकट असते, आणि आपली जोडाक्षरे त्या चौकटींत मावत नाहीत. मराठी लेखनासाठी विम घ्या असे मी कुणाला सांगणार नाही. त्याच्याविषयी पुढे लिहिणार आहे ते वेगळ्या कारणाने.

संपादक उतरवून घेताना तो कर्त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा लिनक्सच्या वितरणातूनच घ्यावा. शोधयंत्रात नाव घालून जे पहिले दिसेल ते घेतले, तर संपादकाबरोबर नको ती बिऱ्हाडेही संगणकात येऊन राहतात. कर्ते फाइलीजवळ एक लांबलचक अंकाक्षरांची ओळ देतात. उतरवलेल्या फाइलीवरून आपल्या संगणकाने काढलेली ओळ तिच्याशी जुळली, तर मध्ये कुणी हात घातलेला नाही असे समजावे. बरोबरच इनस्क्रिप्ट शिकून घ्यावे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ‘क’च्या कळीवर शिफ्ट दाबले की ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. वर्णमाला ज्याला येते त्याला ही मांडणी परकी वाटत नाही. रोमन अक्षरांतून मराठी टिपण्याची सवय लागलेल्यांना सुरुवातीचे काही दिवस जड जातात, पुढे हात बसतो.

मित्राला देताना पेनड्राइव्हवर नुसती चालणारी आज्ञावली देऊन भागत नाही. जी.पी.एल. या परवान्याची अट अशी की घेणाऱ्याला परवान्याचा मजकूर मिळाला पाहिजे आणि मूळ संहिताही मिळाली पाहिजे, किंवा ती मिळण्याची खात्रीची वाट तरी मिळाली पाहिजे. सोपा उपाय म्हणजे संहितेची फाइलही त्याच पेनड्राइव्हवर टाकावी. शंभरातल्या नव्व्याण्णवांना ती उघडायची गरज पडणार नाही. ज्या एकाला पडेल, त्याच्यासाठी तर ही सारी खटपट आहे.

इथवरचे सोपे. ‘मिळाले, वाटले, संपले’ असे मानणारे पुष्कळ असतात, आणि मुक्त आज्ञावलीला खरा धोका चोरांपेक्षा या तृप्त मंडळींचा आहे. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो; लालबाग-परळची मंडळे तर साऱ्या मुंबईला ठाऊक आहेत. दर्शनाला तिकीट नसते. म्हणून मूर्ती, मांडव, वीज फुकट येते असे कुणी समजत नाही. वर्गणीचे पुस्तक घेऊन जिने चढणारी आणि रात्री मांडवात झोपणारी मुले असतात म्हणून ते उभे राहते. संपादकाचे असेच आहे. संगणक बदलतात, त्यांची प्रणाली बदलते, सुरक्षिततेच्या फटी सापडतात. दर वर्षी कुणीतरी बसून संहिता दुरुस्त केली नाही तर चांगला संपादकही काही वर्षांत निकामी होतो.

विमची गोष्ट सांगायची ती इथे. ब्रॅम मोलेनार हा डच गृहस्थ. त्याने १९९१ साली विम प्रथम लोकांना दिला आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ तो सांभाळला. १९९४ साली तो युगांडातल्या किबाले येथील बालकेंद्रात पाणी आणि स्वच्छतेच्या कामासाठी वर्षभर राहिला. एड्सने आईबाप हिरावलेली मुले त्याने तिथे पाहिली. परत आल्यावर त्याने विमच्या परवान्यात लिहिले की या आज्ञावलीच्या हव्या तितक्या प्रती काढा आणि वाटा. ती उपयोगी वाटली तर युगांडातल्या या मुलांना काही द्यावे. विम उघडला की पहिल्या पडद्यावरच ही विनंती दिसे. सक्ती नाही, कुलूप नाही, मुदत नाही. तरीही जगभरातून देणग्या येत राहिल्या आणि त्यांतून त्या मुलांचे शिक्षण होत राहिले.

ब्रॅम मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ रोजी वारला. तेव्हा तो ६२ वर्षांचा होता. ज्या आज्ञावलीचा सारा कारभार एका माणसाभोवती फिरत होता तिचे पुढे काय होणार, ही काळजी साहजिक होती. परंतु मूळ संहिता सर्वांपाशी होती आणि तिच्यात वर्षानुवर्षे दुरुस्त्या करीत आलेली माणसे होती. ख्रिश्चन ब्राबांट आणि त्याचे सहकारी यांनी सूत्रे घेतली आणि पुढच्या आवृत्त्या निघाल्या. त्याआधी, २०१४ साली, मोलेनारच्या पद्धतीशी न जुळलेल्या काहींनी तीच संहिता घेऊन निओविम नावाची वेगळी चूल मांडली होती. तेही त्या चार मोकळिकींना धरूनच होते. कुलूपबंद आज्ञावलीचा धनी गेला किंवा कंपनी बुडाली म्हणजे वापरणाऱ्यांच्या हाती काय उरते, हे आपण वर टंकमालांच्या बाबतीत पाहिलेच आहे.

युगांडातल्या मुलांना पैसे पाठवण्याइतकी ऐपत आपल्यातल्या सर्वांची नसेल. पण आपल्यापाशी एक भांडवल आहे जे डॉन होपाशीही नाही आणि ब्रॅम मोलेनारपाशीही नव्हते. ते म्हणजे मराठी. संगणकावर मराठी आपोआप आलेली नाही, कुणीतरी ती बसवली. जे. जे.च्या परंपरेतले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी मंगल ही टंकमाला केली, आणि मुंबईतच एन.सी.एस.टी.मध्ये, म्हणजे आजच्या सीडॅकच्या मुंबई केंद्रात, रघु ही मुक्त टंकमालाही त्यांच्याच हातची. माटुंग्याच्या व्ही.जे.टी.आय.मधले प्रा. जितेंद्र शहा यांच्या पुढाकाराने चाललेल्या इंडिक्ट्रान्स गटाने गार्गी ही देवनागरी टंकमाला जी.पी.एल.खाली खुली केली. सन २००० च्या आसपास मुंबईतून सुरू झालेल्या इंडलिनक्सने भारतीय भाषांतून लिनक्स चालावे यासाठी खटपट केली. आणि आज ईमॅक्समध्ये ‘क्षि’ नीट जुळून दिसतो तो हार्फबझ या मुक्त आज्ञावलीमुळे. तिचा कर्ता बेहदाद एस्फाहबोद हा मूळचा इराणी. नावातला ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे खुले. फारसी अक्षरे जोडण्याच्या विवंचनेतून निघालेले काम आपल्या जोडाक्षरांच्या उपयोगी पडले.

तरी सर्व आलबेल आहे असे नाही. मराठीचा एक खास प्रश्न आहे, तो हिंदीला नाही म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या शब्दांतला भेद आपण शाळेत शिकलो. एक गुरू, दुसरा स्वयंपाकी. दुसऱ्या शब्दातला र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्ताची खूण. दुसरीत साधा र, हलन्ताची खूण आणि तिच्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण संपादकाला ‘दुसऱ्या’ शोधायला सांगितले, तर तो एकाच रीतीने टिपलेले शब्द आणून देतो आणि दुसरे सरळ वगळतो. प्रबंधात एखादा शब्द किती वेळा आला हे मोजणारा विद्यार्थी चुकीच्या आकड्यावर निष्कर्ष काढून मोकळा होईल आणि त्याला कळणारही नाही. ‘ॲ’चेही तसेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्यापूर्वी तो अ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहीत. जुन्या फाइलींतला ‘अ‍ॅ’ आणि नवा ‘ॲ’ यांची ओळख संपादकाला बहुधा पटत नाही.

ही त्रुटी हॉलंडमधल्या किंवा तैवानमधल्या कर्त्याला दिसणार कशी? ती त्याला सांगावी लागते, आणि सांगण्याची एक रीत आहे. ‘तुमच्यात मराठी नीट चालत नाही’ असे लिहिले तर त्याला काहीच बोध होत नाही. संपादकाची आवृत्ती कोणती, संगणकाची प्रणाली कोणती, आपण काय टिपले, त्या चिन्हांचे युनिकोड क्रमांक काय, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे क्रमाने लिहावे. चार शब्दांची नमुना फाइल जोडावी. आधी कुणी हीच तक्रार नोंदवली असेल तर नवी न करता तिलाच आपली माहिती जोडावी. उत्तराला महिने लागतील; ती माणसे बहुधा आपली नोकरी सांभाळून हे करतात, तेव्हा भाषा सौम्य असावी. संहितेची एक ओळही न लिहिता केलेली ही मदत कर्त्याला दुरुस्तीच्या अर्ध्या वाटेवर आणून सोडते.

दुसरे काम भाषांतराचे. ते तर कलाशाखेचेच. संपादकाच्या पडद्यावरचे शब्द मराठीत आणताना एकेका शब्दापाशी अडायला होते. ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ म्हणावे, ‘साठवा’ म्हणावे की ‘ठेवा’? ‘जतन’मध्ये काळजी आहे, ‘साठवा’त धान्याच्या कणग्या आहेत, ‘ठेवा’ सर्वांत सोपे आणि म्हणूनच कुणाला भारदस्त वाटत नाही. ‘अनडू’ला ‘पूर्ववत करा’ रूढ होऊ पाहत आहे. बोलताना मात्र लालबागमधला कुणीही ‘परत घे’ म्हणेल. ‘फाइल’चे ‘धारिका’ करू नये असे माझे मत आहे. फाइल मराठीत येऊन बसली, तिला उठवण्यात अर्थ नाही. हे वाद मराठी विभागात घालायचे आहेत, आणि आजवर ते बरेचसे अभियंत्यांनी आपापसांत मिटवले. त्यांनी केले म्हणून झाले, पण आपण तिथे नव्हतो हे खरे.

या कामाला यंत्रज्ञान फारसे लागत नाही. भाषांतराची फाइल साध्या मजकुराचीच असते. एका ओळीत अवतरणांमध्ये मूळ इंग्रजी शब्द, तिच्याखालच्या ओळीत मराठीसाठी रिकामी अवतरणे, आणि अशा शेकडो जोड्या एकाखाली एक. मधल्या खुणांना हात न लावता रिकाम्या जागी मराठी भरायचे, फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवायची आणि त्या त्या प्रकल्पाच्या मराठी गटाकडे तपासायला पाठवायची. ती फाइल उघडायला नोटपॅड प्लस प्लस चालतो, केट चालतो, ईमॅक्सही चालतो.